खालून वाचणारी बाई

मेलबाई कोणतंही पत्र खालून वाचायची. कागद असो की कॉम्प्युटरवरचा मेल, ती सरळ शेवटच्या ओळीवर जायची आणि तिथून एकेक ओळ वर चढायची. नव्या माणसाला वाटे, बाईच्या डोळ्यांत काही दोष आहे. कोणी विचारलंच तर म्हणायची, "लोकाइचं मागनं खाली दबून असते. वरती सारं सलाम-नमस्ते. मी गाठोडं सोडते, गाठीचं कौतुक करत नाई बसत."

मेलबाई म्हणजे माझी बायको. एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात ती बाबू, म्हणजे कारकून होती, आणि त्याच केंद्राची जीप मी चालवत होतो. मी सातवी शिकलेला, ती बी.ए. लग्नात आमच्या कुरखेड्याकडचे लोक म्हणत होते, बैल आणि मोटार एका जुवाला बांधली. बांधली तर बांधली, चौतीस वर्षं चालली. केंद्रात सगळे तिला मेलबाई म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो, आणि मग घरातही तेच नाव राहिलं. मागच्या दिवाळीनंतर ती गेली. आमच्या केंद्रातली सुनंदा सिस्टर म्हणाली, भाऊ, बाईवर काही लिहून द्या, नव्या पोरींना वाचून दाखवते. मी म्हटलं देतो. देतो म्हणणं सोपं आहे. एक पान लिहायला बसलो की अंगणात दोन चकरा होतात.

तिचं नाव पडलं ते लसीच्या फ्रीजमुळे. फ्रीज बंद पडला होता. डॉक्टर साहेबांनी जिल्ह्याला तीन मेल केले. तिन्हींत उपरोक्त विषयान्वये, शीतसाखळी बाधित होत असल्याने, आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही होणेस विनंती, असं सगळं होतं. तिकडून एकच उत्तर आलं की सविस्तर अहवाल सादर करावा. साहेब तापले. बाईने तिन्ही मेल आपल्या पद्धतीने खालून वर वाचले आणि विचारलं, "साहेब, तुमाले पाह्यजे काय? नवा फ्रीज, का दुरुस्त करनारा?" साहेब म्हणाले, अर्थातच दुरुस्त करणारा. बाई म्हणाली, "मंग तो मानूस हाय कुठी याच्यात?"

मग तिने स्वतः लिहिला. लसीचा फ्रीज सोमवारपासून बंद आहे. दुरुस्ती करणारा माणूस गुरुवारपर्यंत पाठवावा. लस सध्या शेजारच्या केंद्रात ठेवली आहे, तिथे जागा गुरुवारपर्यंतच आहे. माणूस नाल्यापर्यंत आला की पुढे आमची जीप आणेल. गुरुवारी जमत नसेल तर आजच 'नाही' असे कळवावे, आम्ही लस दुसरीकडे हलवू. एवढंच. साहेबांना ते उद्धट वाटलं. खाली 'आपला विश्वासू' तरी टाका म्हणाले, तेवढं तिने टाकलं. माणूस बुधवारी आला.

त्या शेवटच्या ओळीवर तिचा फार जीव होता. म्हणजे नाही म्हणायला जागा ठेवायची. ती म्हणायची, "वरच्या लोकायले नाई म्हनाले लाज वाटते, म्हनून ते मुके बसते. त्याइच्यासाठी दार उघडं ठेवा. नाई म्हनून बाहेर पडले तरी आपलं काम पुढं सरकते." मला हे पहिल्यांदा कळलं नव्हतं. मला वाटायचं, मागायचं तर जोरात मागावं. मी जीपच्या टायरसाठी तोंडी भांडून भांडून थकलो होतो. तिने चार ओळींत मागितले, नाही म्हणायला जागाही ठेवली, आणि वरून खरंच 'नाही' आलं. पण 'नाही' आलं म्हणूनच साहेबांनी त्याच आठवड्यात केंद्राच्या खर्चातून टायर टाकले. आठ महिने मी ज्या 'पाहू'वर बसलो होतो ते पाहू संपलं.

आता आमच्याकडे मेल जायचा कसा, हेही नव्या पोरींना माहीत नसेल. केंद्रात तेव्हा रेंज नव्हती. घाटाच्या वळणावर एक मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की रेंज येई, तीही वाऱ्याच्या मर्जीवर. बाई दिवसभर फोनवर मेल लिहून ठेवायची. संध्याकाळच्या आत मी तो फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून जीपने मोहाखाली न्यायचो आणि एकेक मेल पाठवायचो. मेल पाठवायला डिझेल जाळणारं दुसरं कार्यालय मी पाहिलं नाही. मेल सरकेपर्यंत दहा-दहा मिनिटं लागत. गोल गोल फिरणाऱ्या त्या चाकाकडे किती पाहणार, म्हणून मी मेल वाचायचो. माझं आठवीपासूनचं शिक्षण त्या झाडाखाली झालं.

'लवकरात लवकर' हे शब्द तिला चालत नसत. कोणी लिहिले की ती बोट ठेवून विचारायची, "लवकर म्हंजे कवा? तारीख नाई का त्याले?" घरीही तेच. मी म्हणायचो, येतो थोड्या वेळात. ती म्हणायची, किती वाजता? मी चिडायचो, बायको आहेस की स्टेशन मास्तर. ती म्हणायची, भात किती वाजता उतरवायचा ते सांगा, मग काहीही म्हणा.

एका मेलात एकच मागणं, हा तिचा दुसरा हट्ट. लॅबवाल्या पोराने एकदा एकाच मेलात सूक्ष्मदर्शकाचा बल्ब, क्वार्टरचं गळकं छत आणि बहिणीच्या लग्नाची रजा मागितली. बल्ब आला. वरच्यांना वाटलं काम झालं, मेल बंद केला. पोरगा रडकुंडीला आला, लग्न पाच दिवसांवर. बाई म्हणाली, "तीन बकऱ्या एका दोरीनं बांधल्या बाबू तू. एक सुटली का दोरी फेकून देते लोक." तिने त्याच्याकडून तीन मेल वेगळे लिहून घेतले. रजेचा आधी. पोरगा लग्नाला पोचला. छत मात्र अजून गळते.

आता तिच्या आजाराचं लिहितो. तिथे आलो की हात थांबतो, पण तेच लिहायचं आहे.

मी रिटायर झालो, तिची अडीच वर्षं राहिली होती. मी तिच्याबरोबर केंद्राच्या क्वार्टरमध्येच राहत होतो. तेव्हा तिच्या पायांना सूज यायला लागली. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही गडचिरोलीला. आमच्या केंद्रातून गडचिरोली म्हणजे रस्ता बरा असला तर साडेचार तास. पावसाळ्यात मधला नाला भरला की रस्ताच नाही.

तिने आपली सोय लावून घेतली. मंगळवारी केंद्राच्या गाडीने जायचं, डायलिसिस करून बहिणीकडे थांबायचं, बुधवारी परत. शुक्रवारी पुन्हा तसंच. उरलेले दिवस टेबलावर. मी म्हणायचो, बदली माग, कुरखेड्याच्या कार्यालयात ये, आपलं घर आहे, गडचिरोलीला दोन-अडीच तासांत पोचतो, मध्ये नाला नाही. ती म्हणायची, पाहू. पाहू हा शब्द तिच्या तोंडून मी तेवढ्याच दिवसांत ऐकला. एकदा मी फारच मागे लागलो तर तिने सरळ सांगितलं. "मले जायचं नाई. सुनंदा आन् ललिता, दोघी लिवाले शिकून राह्यल्या. दोघीले येते झालं का मंग मी जाईन. तोवर ठेवा मले इथीच."

सुनंदा म्हणजे ही सिस्टरच, आणि ललिता म्हणजे कंत्राटावरची कॉम्प्युटरवाली पोरगी. दोघी रोज संध्याकाळी बाईसमोर बसून मेल लिहायच्या आणि बाई खालून वाचायची. बाईने तर सांगितलं होतं. काय पाहिजे, कोणासाठी, कधीपर्यंत, सगळं त्यात होतं. मी ते आजारी माणसाचं बोलणं समजलो.

मग ऑगस्ट आला. नाला नऊ दिवस भरून वाहिला. दोन डायलिसिस चुकले. तिचं तोंड इतकं सुजलं की डोळे बारीक झाले, आणि आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ती बसून झोपायची. मी नाल्यावर जायचो, पाणी पाहायचो, परत यायचो. दिवसातून सात-आठ वेळा. दहाव्या दिवशी गावातल्या चार माणसांनी तिला खाटेवर घालून छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं. मी मागून चालत होतो, खाटेचा एक खूर धरून. ती वरून मला म्हणाली, खूर सोडा, तुमच्यानं खाट तिरपी होऊन राह्यली. मी सोडला नाही.

गडचिरोलीहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचा फोन घेतला. ती झोपली होती. रोजचे मेल पाठवतो असं सुनंदाला सांगून नव्या ड्रायव्हरच्या जीपमध्ये बसलो आणि मोहाखाली गेलो. रोजचे मेल आधी पाठवले. मग एका बोटाने माझा लिहिला. फोनमध्ये कार्यालयाचा पत्ता होता, त्यावरूनच जिल्ह्याला. खाली नाव तिचं. तो मेल मला पाठ आहे.

"माझी बदली कुरखेडा येथे करावी. दोन्ही किडन्या निकामी असून आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला डायलिसिस आहे. या महिन्यात नाला भरल्यामुळे दोन वेळा चुकले. आदेश पंधरा सप्टेंबरच्या आत मिळावा. देता येत नसेल तर 'नाही' असे कळवावे, मी दुसरी व्यवस्था करीन."

चाक फिरलं, मेल गेला. मला इतकं हलकं वाटलं की ड्रायव्हरला मी बिडी पाजली. काम झालं असंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावर काही नीट मागितलं होतं.

आदेश अकराव्या दिवशी आला. ललिताने तो उघडला आणि बाईसमोर ठेवला. बाईने वाचला. मग फोनमधले पाठवलेले मेल उघडले, तारखा पाहत खाली गेली, आणि माझा मेल काढला. मी दारात उभा होतो. तिने तोही वाचला, शेवटची ओळ आधी, मग वर वर. सुनंदा आणि ललिता दोघी भिंतीकडे पाहत होत्या.

बाई ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडलो असतो, मला भांडता येते. ती म्हणाली, "लिवला बरोबर तुमी. एकच मागनं, तारीख हाय, कारन हाय, नाई म्हनाले जागा हाय. माह्या हातचा वाटते." मग म्हणाली, "सारं बरोबर. फक्त जिच्या नावानं मागितलं तिले इचारलं नाई."

मी म्हटलं, मग रद्द करायचा मेल लिही, मी आत्ता मोहाखाली नेतो. ती म्हणाली, "माह्या नावानं जीव चालला म्हनून मागितलं. त्याइनं अकरा दिवसात देलं. आता मीच म्हनू का नको? उद्या खरंच कोनाचा जीव जाऊन राह्यला, तं त्या बाईचा मेल कोन खरा मानन?" हे बोलून तिने आदेशाची पोच लिहिली, दोन ओळींची. ती पोच पाठवायला मीच गेलो.

कुरखेड्यात तिला जुनं घर मिळालं, वेळेवर डायलिसिस मिळालं, माझं मन शांत होईल असं सगळं मिळालं. फक्त कार्यालयात टेबल मिळालं नाही. तिथे बाबू भरपूर होते. तिला कपाटाजवळ एक खुर्ची दिली. लोक चांगले होते, वाईट बोलणार नाही मी. म्हणायचे, बाई, तुम्ही आराम करा, सही झाली की बसा. ती बसायची. मी दुपारी डबा घेऊन जायचो तर ती हात मांडीवर ठेवून बसलेली, समोर दुसऱ्याचा कॉम्प्युटर. एकदा तिथल्या साहेबांचा मेल तिने बाजूने पाहिला आणि म्हणाली, साहेब, याच्यात पाहिजे काय ते दिसत नाही. साहेब हसले, बाई, इथे असंच चालते. पुन्हा ती बोलली नाही.

सुरुवातीला ललिताचा रोज फोन यायचा. बाई, हे कसं लिहू, ते कसं लिहू. बाई कपाटाला पाठ लावून सांगायची. मग आठवड्यातून एक. मग एक दिवस ललिताने स्वतः लिहिलेला मेल दाखवायला पाठवला, बाळंतिणींच्या गाडीसाठी होता. बाईने त्यात काहीच बदललं नाही. मला दाखवून म्हणाली, पाहा, झालं पोरीचं. त्यानंतर ललिताचा फोन कामासाठी आला नाही, सणासुदीला यायचा. बाई खूश होती की नव्हती, मला कळलं नाही. त्या दिवशी ती जेवली कमी, पण डायलिसिसवाले असेही कमी जेवतात.

ती त्यानंतर एक वर्ष आणि दोन महिने जगली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तिकडे राहिल्या असत्या तर तो पावसाळा निघाला नसता. असेल. मी त्यावर हो म्हणतो, आणि मग रात्र असो की दिवस, उठून अंगणात जातो. कारण हेही खरं की त्या वर्षात मी तिला एकदाही कोणाला 'मंग पाह्यजे काय?' असं विचारताना ऐकलं नाही. मी वर्ष मागितलं, वर्ष मिळालं. त्यात काय भरायचं ते मी मागितलंच नव्हतं.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला माणसं खूप आली. त्या जंगलातून सुनंदा आली, ललिता आली, लॅबवाला पोरगा बायको घेऊन आला, खाट उचलणाऱ्यांपैकी दोघे आले. जो तो मला म्हणे, भाऊ, तुम्ही बाईसाठी लय केलं, तुमच्यासारखा नवरा नाही. माझा पोरगाही नागपूरला परत जाताना हेच म्हणाला. मी कोणाच्या पुढे बसू शकलो नाही. भांडी उचलली, पाणी वाढलं, चपला नीट लावल्या. लोक म्हणाले, भाऊ दुःख आवरून राहिले. दुःख नव्हतो आवरत. ते जे म्हणत होते ते बरोबर नाही हे मला माहीत होतं, कारण मी तिला विचारलं होतं.

ती जाण्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ, अंगणात धान वाळत टाकलं होतं, ती दाराजवळ खाटेवर उशीला टेकून चिमण्या पाहत होती. मी तिच्या पायथ्याशी बसलो. वर्षभर मी आडून आडून विचारत होतो. तुला इथे बरं वाटते ना, मुलाला जवळ झालं ना, नाला नाही म्हणजे किती बरं. ती हूं म्हणायची. त्या दिवशी मी तिच्याच पद्धतीने विचारलं. मी म्हटलं, "एकच गोष्ट इचारतो. तो मेल पाठवला ते मी चुकलो का? हो म्हन नाईतर नाई म्हन. पन आज सांग."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मेल पाठवण्याआधी एकदा शेवटचं वाचून घ्यायची, तशी.

"हो," म्हणाली. "चुकले तुमी."

मी मान हलवली. चिमण्या धानावर उतरल्या होत्या, पण मी हाकलायला उठलो नाही. वर्षभरात मी इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. थोड्या वेळाने तिने खाटेवरून हात लांबवला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आता पानी द्या," म्हणाली. "दोन घोट. जास्त नको."

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागते. मी दोन घोट दिले. तिने तिसरा मागितला नाही.